लुपने पास केलेली रेकॉर्ड

माझ्या मोठ्या भावाचं नाव लुप्चो. सिडनीच्या खाली, समुद्राकाठच्या पोर्ट केम्बलात त्याला सगळे लुप म्हणतात, तो ज्यांच्या दारात टपाल टाकायचा ती माणसंसुद्धा. मी बाते म्हणते. आमच्या मॅसिडोनियन घरांत मोठ्या भावाला तेच म्हणतात, आणि माझ्या आवाजातलं 'बाते' ऐकलं की आता बोलणी बसणार हे त्याला कळतं.

उभा जन्म त्याने मोटरसायकलवरून टपाल वाटलं. लग्न केलं नाही. आईबाप गेल्यावर त्याच घरात राहिला, परसात तेच टोमॅटो लावत राहिला. बाप गवंडी होता. त्याच्या गॅरेजात सिमेंटच्या गोण्या असायच्या, तिथे लुपने भिंतभर फळ्या ठोकून रेकॉर्डी लावल्या. माझं सलून दोन गल्ल्यांपलीकडे आहे. दुपारी मी त्याच्याकडे जेवायला जायचे आणि गॅरेजातून जो आवाज यायचा, त्याने टेबलावरचे काटे-चमचे हलायचे.

त्या संगीताला पोस्ट-मेटल म्हणतात. मला विचाराल तर मेटलमधला सगळा माज काढून घेतला आणि दुःख तेवढं ठेवलं की हे उरतं. एकेक गाणं पंधरा-पंधरा मिनिटांचं. सुरुवातीला एकच गिटार, तीही इतकी संथ की वाजवणाऱ्याला डुलकी लागली की काय असं वाटावं. मग तिच्यावर दुसरी, मग ड्रम, आणि कधीतरी सगळं एकदम अंगावर कोसळतं. त्या ढिगाऱ्याखालून कुणीतरी ओरडत असतं. काय ओरडतोय ते कळत नाही. मी एकदा त्याला विचारलं होतं की शब्द ऐकूच येत नाहीत तर ही माणसं ते लिहितात कशाला.

"लेंका," तो म्हणाला, "मयताला बायका रडतात तेव्हा तू शब्द ऐकतेस का?"



या संगीतावर तो लिहायचा. मेलबर्नच्या कुणीतरी चालवलेल्या एका वेबसाइटवर दर महिन्याला एखादी नवी रेकॉर्ड घ्यायची आणि तिच्यात काय जमलंय, काय फसलंय ते सांगायचं. लिहिणं अगदी गवंडी बापाच्या तोंडचं. ही रेकॉर्ड ओळंब्यात आहे. हिचं तिसरं गाणं भिंतीसारखं पोटात फुगलंय. हिचा पाया चांगला, पण वर उगाच दोन मजले चढवलेत. कौतुक करताना हात आखडता, आणि दोष दाखवताना मुलाहिजा कुणाचाच नाही. म्हणून त्याच्या शब्दाला वजन होतं.

सिडनीपासून खाली नॉवरापर्यंतच्या बँडांमध्ये हळूहळू एक रीत पडून गेली. रेकॉर्ड छापायला धाडण्याआधी ती लुपच्या गॅरेजात न्यायची. पोरं दुधाच्या पालथ्या क्रेटवर बसायची. लुप बापाच्या जुन्या गालिच्यावर उताणा पडायचा, हात पोटावर, डोळे मिटलेले. शेवटचा सूर विरेपर्यंत कुणी बोलायचं नाही, बिअर उघडायची नाही. मग तो उठून बसायचा आणि सांगायचा. सांगितलेलं दुरुस्त करून पोरं परत यायची, आणि तो 'जाऊ दे' म्हणाला की रेकॉर्ड छपाईला जायची. हातभर गोंदवलेले दांडगे बाप्ये माझ्या भावासमोर शाळेतल्या मुलांसारखे बसलेले मी पाहिलेत. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. तोंडावर मात्र मी त्याला न्यायाधीश महाराज म्हणायचे.

टॅमसिन त्या पोरांतलीच एक. 'नॉर्थ गेट' नावाच्या बँडमध्ये ती ड्रम वाजवते. शाळेत असतानाच ती स्वतःचं वाजवणं रेकॉर्ड करून लुपकडे घेऊन आली होती, आणि लुप तिच्यासाठीही तसाच गालिच्यावर आडवा झाला होता. तिचा बाप नेव्ह पोलादाच्या कारखान्यात क्रेन चालवायचा. नेव्ह माझं गिऱ्हाईक. डोक्यावर चार केस, तरी दर महिन्याला कापून घ्यायला यायचा आणि जाताना म्हणायचा, फार बारीक केलेस. बायको कधीच सोडून गेली होती, पोर त्याने एकट्याने वाढवली. शेवटी सिगारेटींनी त्याची फुप्फुसं खाल्ली. तो गेला तो हिवाळा टॅमसिनने त्याच्या खाटेशेजारीच काढला, ऑक्सिजनच्या नळ्या बदलत आणि त्याच्या शिव्या खात.

त्यानंतर काही वर्षं तिने एकच काम केलं. बापासाठी रेकॉर्ड केली. नाव 'क्रेन सेव्हन', नेव्हच्या क्रेनचा तो नंबर. सगळ्या आवाजांची जुळणी तिने स्वतःच बसून केली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आणि रीतीप्रमाणे ती लुपकडे घेऊन आली.

त्या दिवशी मी चीज भरलेलं बुरेक भाजून घेऊन गेले होते. ताट हातात धरून गॅरेजच्या दारात तशीच उभी राहिले, कारण रेकॉर्ड चालू असताना आत पाऊल टाकायची माझी प्राज्ञा नव्हती. संपल्यावर लुप कितीतरी वेळ उठलाच नाही. मग डोळे न उघडता म्हणाला, "पोरी, या किनाऱ्यावर असं काम कुणी केलेलं नाही."

टॅमसिनने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं, झालं, आता जेवायला बसू. पण लुप उठून बसला आणि त्याने दोष सांगायला घेतला. शेवटच्या गाण्यात झांजा दबल्यात, म्हणाला. ड्रमला लावलेल्या त्या पितळी ताटल्यांना मी झांजाच म्हणते. गाणं चांगलं चढतंय, पण वरून छप्पर घातल्यासारखं बंद वाटतं, उजेड आत येत नाही. झांजा वर आण.

टॅमसिन जरा घुटमळली. तिथे त्या हळूच हव्यात, असं काहीतरी पुटपुटली. लुप म्हणाला की हळू आणि गायब यात फरक असतो.

खरं म्हणजे दोन-तीन वर्षं त्याचं हेच चाललं होतं. प्रत्येक नव्या रेकॉर्डबद्दल तो लिहायचा की आवाज कोंदट आहे, हल्ली सगळे घोंगडं पांघरून रेकॉर्डिंग करतात. मी म्हणायचे, बाते, तुझं वय झालं, म्हाताऱ्यांना नवं काहीच आवडत नाही. तो हसायचा. किटली शिट्टी मारमारून कोरडी पडायची आणि हा शेजारी बसून वाचत असायचा, तेव्हा मला वाटायचं की आळशी आहे. भाऊ आहे माझा, मी त्याला आळशीच समजणार.

टॅमसिनने झांजा वाढवून आणल्या. लुप म्हणाला, अजून. ती पुन्हा गेली, पुन्हा आली. तिसऱ्या वेळी तिने आधीच सांगितलं की आता खूप वर घेतल्यात, याच्यापुढे जाता येणार नाही. लुप गालिच्यावर पडला, सगळं ऐकलं आणि प्रसन्न होऊन म्हणाला, "आता उघडलं बघ. जाऊ दे."

रेकॉर्ड छापून आली. लुपने तिच्यावर भलामोठा लेख लिहिला, आयुष्यात कुणाचं केलं नव्हतं इतकं कौतुक केलं. भारदस्तपणा, संयम, गाणं वर चढवत नेण्याची हिंमत, सगळ्याला दाद दिली. शेवटच्या गाण्याबद्दल तर लिहिलं की इथे झांजा खिडकीसारख्या उघडतात.

मग इतरांचे लेख यायला लागले. ब्रिस्बेनच्या एकाने लिहिलं की रेकॉर्ड थोर आहे, पण शेवटचं गाणं ऐकवत नाही, कुणीतरी कानाशी चमच्यांचा खण उपडा करतंय असं वाटतं. दुसऱ्याने लिहिलं की एवढं सुंदर काम हाताने मातीत घातलंय. तिसऱ्याने विचारलं होतं की ही जुळणी करणारा बहिरा होता का.

लुपचं पित्त खवळलं. जेवण बाजूला सारून तो एकेकाला उत्तरं लिहायला बसायचा. यांना संगीतातलं काय कळतं, यांचे स्पीकर भिकार, हे फोनवर ऐकतात आणि न्याय द्यायला निघतात. मी म्हटलं, बाते, सोड ना, चार टवाळ पोरं आहेत. तर माझ्यावरच उखडला. म्हणाला की टॅमसिनने बापासाठी केलेलं काम आहे, त्याला कुणी नावं ठेवलेली मी खपवून घेणार नाही.

पुढच्याच आठवड्यात टॅमसिन माझ्या सलूनमध्ये आली. केस कापायचे म्हणाली, पण खुर्चीत बसल्यावर तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी कात्री खाली ठेवली. ती आरशातच माझ्याकडे बघून बोलली.

"लेंका, मला ती रेकॉर्ड ऐकवत नाही. तो बाबांचा श्वास होता."

मला काही कळेना. तिने सांगितलं, शेवटच्या हिवाळ्यात रात्रंदिवस नेव्हचा श्वास आणि ऑक्सिजनची ती बारीक सरसर, दोन्ही मिळून एकच आवाज व्हायचा. शेवटच्या गाण्यात तिने झांजांवर नुसता कुंचा फिरवून तो आवाज धरला होता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, जेमतेम ऐकू येईल इतकाच. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर माणसांनी गाणं ऐकलंच नसतं, नेव्हची कीव केली असती. आणि आता त्या श्वासाची फुटक्या नळातून सुटणारी वाफ झाली होती.

"मग ऐकलंस कशाला त्याचं? तुझे कान काय गहाण पडले होते?"

"लुपने सांगितलं होतं," ती म्हणाली. जणू यापुढे काही बोलायचं उरतच नाही. "तो आजवर कधी चुकला नव्हता. मला वाटलं, माझंच मन त्या खोलीतून बाहेर आलेलं नाही, म्हणून मला तो आवाज जास्त ऐकू येतोय."

माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. किटली. फोन वाजत असताना परसात उभा असलेला तो. मी पाठमोरी बोलले की प्रत्येक वाक्याला 'काय?'. टॅमसिन माझ्याकडे बघत होती. तिलाही तेच वाटत होतं, पण बोलायचं तिच्या जिवावर आलं होतं. मी म्हटलं की त्याला सांगायला हवं. ती नको म्हणाली. त्याच्याकडे दुसरं आहे काय, म्हणाली. मी संतापले.

"अगं, तुझ्या बापाची रेकॉर्ड घालवली त्याने, आणि तू त्याची काळजी करतेस?"

"मी शाळेत होते तेव्हा माझं वाजवणं ऐकायला दुसरं कोण आडवं पडलं होतं?" एवढंच ती म्हणाली. पण रविवारी यायला तयार झाली.

त्या रविवारी आमच्याकडे मिरच्या भाजायच्या होत्या. उन्हाळा सरता सरता पोतंभर लाल ढोबळ मिरच्या आणून परसात पेटवलेल्या लोखंडी पिंपावर भाजायच्या, सोलायच्या आणि वर्षाचं आयवार, म्हणजे मिरच्यांची चटणी, घालून ठेवायचं, आई होती तेव्हापासूनचं आहे हे. लुप पिंपाशी उभा होता, हात कोपरापर्यंत काळे. टॅमसिन आली. ती मिरच्या सोलू लागली, इकडचं तिकडचं बोलली, आणि मग म्हणाली की दोन गोष्टी ऐकवायच्या आहेत, कुठली बरी ते सांग. लुपने लगेच हात धुतले. त्याला असं कुणी विचारलं की तो जेवणावरून उठायचा.

तो गालिच्यावर पडला. मी या वेळी आत जाऊन क्रेटवर बसले. टॅमसिनने शेवटचं गाणं लावलं, पहिलं, तिने स्वतः केलेलं. मी जन्मात पहिल्यांदा ते संगीत अथपासून इतिपर्यंत ऐकलं. गिटारींच्या मागे कुणीतरी झोपलेलं माणूस श्वास घेत होतं. आत जाणारा, बाहेर येणारा. नेव्ह माझ्या खुर्चीत बसायचा तेव्हा असाच आवाज यायचा. गाणं कोसळलं, त्यातूनही तो चालू होता, आणि मग सगळं थांबल्यावर तो एकटाच उरला आणि थांबला. मला रडू आवरेना.

मग तिने दुसरं लावलं. तेच गाणं, पण वरून पत्रा कापल्यासारखा चरचराट. माझे दात शिवशिवले. लुपच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. तो तसाच शांत, हात पोटावर.

संपल्यावर तो उठून बसला आणि हसला.

"लबाड पोरी, एकच दोनदा लावलंस."

लुपने टॅमसिनकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझे गाल ओले होते. त्याचं हसू एकदम गेलं नाही. हळूहळू गेलं, आणि ते बघणं फार वाईट होतं.

"दोन वेगळी होती?" त्याने विचारलं.

"पहिलं माझं," टॅमसिन म्हणाली. "दुसरं तू पास केलेलं."

"पहिल्यात झांजा आहेत?"

"दोन्हीत आहेत, लुप. सुरुवातीपासून."

तो गालिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मला एकदाही ऐकू आल्या नाहीत. तू म्हणालीस वाढवल्या, म्हणून मला वाटलं आल्या." त्याने विचारलं की त्या तिथे कशासाठी होत्या. टॅमसिनने सांगितलं. बापाच्या श्वासाबद्दल ऐकताना तो तिच्या ओठांकडे बघत होता. तो हल्ली नेहमीच ओठांकडे बघायचा, हेही मला तेव्हाच कळलं. सांगून झाल्यावर तो उठला, बाहेर गेला आणि पिंपावरच्या मिरच्या उलटायला लागला. त्या केव्हाच्या कोळसा झाल्या होत्या. तरी तो उलटत राहिला. टॅमसिन त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली, आणि दोघांनी मिळून त्या कोळशाच्या मिरच्या एकेक करून सोलल्या. मी त्यांना थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने वेबसाइटवर चार ओळी टाकल्या. या रेकॉर्डमध्ये एकच दोष आहे आणि तो बँडचा नाही. मी ऐकू न येणाऱ्या गोष्टीला वाईट म्हटलं, आणि मग ऐकू न आलेल्या गोष्टीला चांगलं म्हटलं. ज्यांनी टॅमसिनला नावं ठेवली त्यांनी ती माझ्यावर लिहावीत. यापुढे मी लिहिणार नाही.

मी त्याला वोलोंगाँगला कानाच्या डॉक्टरीणबाईकडे घेऊन गेले. तिने कागदावर त्याच्या कानांची रेघ काढून दाखवली. जाड आवाजांपर्यंत सरळ जाऊन बारीक, वरच्या सुरांपाशी ती कड्यावरून पडल्यासारखी खाली गेली होती. आयुष्यभर स्पीकरच्या पुढ्यात उभं राहिल्याचं फळ. बाई म्हणाली, कानात बोळे घालायचे होते. लुपने तिला काही सांगितलं नाही, पण मला ठाऊक आहे, त्याच्या लोकांत बोळे घालणं म्हणजे वाजवणाऱ्याचा अपमान समजत. त्याला यंत्रं दिली. माणसांचं बोलणं त्यांनी ऐकू येतं, किटलीही येते. संगीत मात्र डब्यात खडे हलवल्यासारखं येतं, म्हणतो. रेकॉर्डी अजून फळ्यांवर आहेत. तो त्यांच्यावरची धूळ पुसतो.

बँडची पोरं तरी येत राहिली. सवयीने म्हणा, लाजेखातर म्हणा. तो त्यांना कॉफी करून द्यायचा आणि रेकॉर्ड न लावता परत पाठवायचा. मग त्यांचंही येणं कमी झालं. मला त्या पोरांचा राग येतो, आणि त्यांनी दुसरं काय करायचं तेही कळत नाही.

यंदा टॅमसिनने 'क्रेन सेव्हन' पुन्हा छापली, तिने आधी केली होती तशीच. आता जो तो तिचं कौतुक करतोय. ब्रिस्बेनच्या त्या माणसाने तर लिहिलं की शेवटचं गाणं ऐकून त्याला आपल्या आईजवळ जाऊन बसावंसं वाटलं. टॅमसिन पहिली प्रत लुपला द्यायला आली. त्याने ती दोन्ही हातांत घेतली, मागून पुढून बघितली, तिच्या गालाची पापी घेतली.

पण प्लास्टिक काही फाडलं नाही. महिने झाले, रेकॉर्ड जेवणाच्या टेबलाशेजारी तशीच उभी आहे. परवा माझ्याच्याने राहवेना. मी म्हटलं, "बाते, एकदा लाव तरी. जेवढं येईल तेवढं ऐक. तिला बरं वाटेल."

तो ब्रेडला आयवार लावत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "लावली तर मला ती कोंदटच वाटणार, लेंका. नेव्हच्या श्वासाला मी एकदा दोष म्हणालो. मनातल्या मनातसुद्धा पुन्हा म्हणायचं नाहीये मला."

आणि त्याने ब्रेडचा तुकडा माझ्या ताटात ठेवला.